टायरांची खांदशेकणी

परवा टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली होती, परदेशातली. शर्यत सुटायच्या आधी दहा-बारा माणसं एका गाडीभोवती गुडघे टेकून बसली होती आणि तिच्या टायरांना जाड पांघरुणात गुंडाळत होती. साधी पांघरुणं नव्हेत, विजेवर तापणारी. समालोचक मोठ्या आदबीनं सांगत होता की रबर गरम असलं की रस्ता घट्ट धरतं, गार असलं की घसरतं, आणि यामागे फार मोठं शास्त्र आहे. मी बायकोला हाक मारली.

"भागीरथा, ये पाहाले. खांदशेकन चालू हाये."

"कोनाची?" तिनं स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"मोटारीची."

"मंग लोनी नोका लावू म्हनाव त्याईले," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

शास्त्र म्हणे! आमच्या नेरडीगोंड्यात हे शास्त्र सत्त्याऐंशी साली एका म्हाताऱ्यानं पोत्याच्या तुकड्यानं करून दाखवलं होतं, आणि त्या गाडीवर मी स्वतः बसलो होतो. पण ते सांगायचं तर आधी दौलत सांगावा लागेल.

दौलत आमच्या गावचा टायरवाला. नागपूर-हैदराबाद हायवे गावाला खेटून जातो. त्याच्या कडेला एक थोरला निंब होता आणि निंबाखाली चार बल्ल्या, तीन पत्रे आणि हवेची एक टाकी एवढं दौलतचं दुकान. आत बुद्धाची तसबीर, खाली पाण्यानं भरलेलं घमेलं, आणि गिऱ्हाइकाला बसायला ट्रकचा जुना टायर. पंक्चर तर कोणीही काढतं. दौलत घासून गेलेल्या टायरवर नवं रबर चढवायचा. ते रबर तो स्वतः निवडायचा, स्वतः शिजवायचा, आणि शिजत असताना कोणी गप्पा मारल्या की चिडायचा.

त्याचं खरं कसब बोटांत होतं. डोळे मिटून टायरवरून हात फिरवायचा आणि गाडीवाल्याचा स्वभाव सांगायचा. एकदा एका ट्रकवाल्या सरदारजीला म्हणाला, "घर में कुछ झगडा हुआ क्या? ब्रेक बहुत गुस्से में मारे हैं आपने." तो सहा फुटी माणूस त्या जुन्या टायरवर बसला आणि अर्धा तास आपल्या सासऱ्याविषयी बोलला. पंक्चर केव्हाच निघालं होतं.

मी तेव्हा तिथल्या शाळेत नवीन मास्तर होतो आणि माझ्याकडे एक जुनी राजदूत मोटारसायकल होती. पहिल्याच भेटीत दौलतनं तिच्या मागच्या टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी लय भित्रे मानूस दिसता."

मला राग आला. साठ पोरं मला पाहून चिडीचूप होत होती, आणि हा माणूस मला भित्रा म्हणत होता.

"काऊन?" मी विचारलं.

"टायर साऱ्या अंगानं सारखा झिजला. ना मधात जास्त, ना कडेले. तुमी जोरात ब्रेक मारत नाई, जोरात वळत नाई. मोकळ्या रस्त्यावरबी हात दाखवून वळत असान."

दाखवत होतो. समोर नुसती म्हैस असली तरी मी हात दाखवत असे. ते मात्र मी त्याला सांगितलं नाही.

दौलतचा बाप दादाजी. सत्तरीचा, वाळका, ताठ. नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेऊन आलेला, रोज सकाळी वंदना म्हणणारा. आणि त्याच्या आधीपासून ते म्हातारा होईपर्यंत, चाळीस वर्षं, सुधाकररावांच्या घरचा सालदार. सुधाकरराव गावातले मोठे कास्तकार. कापूस, ज्वारी, दोन बैलजोड्या आणि एक बुलेट. बोलणं मोठं, मिशी मोठी, मन वाईट नाही. निंबाखालची जागा त्यांचीच, निजामाच्या वेळेपासून पट्टा त्यांच्या घराण्याच्या नावावर. दादाजीच्या पोराला म्हणून त्यांनी ती दुकानापुरती तोंडी दिली होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काय करतात ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही, पण त्या टीव्हीवाल्यासाठी सांगतो. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजतो, सोलवटतो. म्हणून त्या संध्याकाळी खांद्याला कढत पाण्यानं शेकायचं, लोणी-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ही खांदशेकणी. सुधाकररावांच्या बैलांची खांदशेकणी चाळीस वर्षं दादाजीनं केली आणि आवतणही त्यानंच दिलं. दुसऱ्या दिवशी बैल अंगणात पुरणपोळी खायचे, आणि दादाजी आपली पोळी हातात घेऊन गोठ्यामागे जायचा. ते कोणाला खटकत नव्हतं, दादाजीलाही नाही. दौलतला खटकायचं, अगदी लहानपणापासून.

पोळ्याला बैलांना सुट्टी असते आणि माणसांना काही काम नसतं. त्यातून आमच्या गावात मोटारसायकलींची शर्यत निघाली होती. बाजाराच्या मैदानातून निघायचं, थोडा डांबरी रस्ता, मग मुरमाचा, तलावाच्या पाळीवरच्या पळसाला वळसा घालून परत. असे पाच फेरे. पहिली दोन वर्षं सुधाकररावांची बुलेट पहिली आली होती.

तिसऱ्या वर्षी पोळ्याला महिना असताना सुधाकरराव हवा भरायला दौलतकडे आले. मी तिथंच बसलो होतो, आणखी आठ-दहा जण होते.

"चाळीस पौंड भर," सुधाकरराव म्हणाले.

"चोवीस भरतो," दौलत म्हणाला. "इतली हवा कायले? टायर दगड होते. मंग तो भुईले नुसतं बोट लावून पळते. हवा बेताची असली का पुरा पंजा टेकवते."

"आन् पंजा टेकवला का झिजते. हा टायर मी हैदराबादहून आनला. पाच वर्स जाईन."

"शर्यतीत पाच वर्स जानारा टायर कायले पाह्यजे, सुधाकरराव? कडक रबर टिकते पन धरत नाई. नरम रबर धरते पन टिकत नाई. शर्यतीले असा टायर पाह्यजे का रेघ ओलांडली आन् मेला. त्याच्या आंदी नाई, त्याच्या मांगं नाई."

सगळे हसले. सुधाकरराव सगळ्यांत जास्त हसले. "तुह्या चढवलेल्या रबराचे दोन फेऱ्यात धांदोटे निघतीन," ते म्हणाले.

"नाई निघत."

"शर्यतीत हारला त निंबाखालून उठशीन? मले इथं खत-बियान्याचं दुकान टाकाचंच हाये."

"उठीन," दौलत म्हणाला. "आन् माहा टायर पह्यला आला त?"

"त माग काय पाह्यजे ते!"

दौलतनं हातातली कानस खाली ठेवली. टायर खरवडायची ती कानस त्याच्या हातातून क्वचितच सुटायची.

"त पुढच्या वर्सी खांदशेकनीच्या संध्याकाळी तुमी माह्या घरी याचं, आन् माह्या बाचे खांदे शेकाचे. तुमच्या हातानं. लोनी लावून."

सुधाकररावांचे कान लाल झाले. पण 'माग काय पाहिजे ते' हे त्यांनी दहा माणसांत म्हटलं होतं, आणि दिलेला शब्द गिळायचा नाही हा त्यांचा अभिमान बुलेटच्याही आधीचा होता. "कबूल," ते म्हणाले आणि हवा न भरताच गेले. चाळीस पौंड त्यांनी मग दुसरीकडून भरून घेतली.

"दौलत," मी विचारलं, "तुह्यापाशी त सायकलबी नाई. गाडी कोन चालवनार?"

"तुमी," तो म्हणाला.

मी उठून उभा राहिलो. मी मास्तर आहे, दोन लेकरांचा बाप आहे, मला चष्मा आहे, हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हनूनच," तो म्हणाला. "बाकीचे सारे टायर खातीन. तुमी टायर सांभाळनारे मानूस. नरम रबर भित्र्याच्याच हाती टिकते." माझी स्तुती कोणी इतक्या अपमानकारक रीतीनं कधी केली नव्हती. पण त्या निंबाकडे पाहिलं आणि मला नाही म्हणता आलं नाही.

महिनाभर आम्ही तालीम केली. तालीम म्हणजे मी फेऱ्या मारायच्या आणि दौलतनं प्रत्येक फेरीनंतर टायर चाचपून मला रागवायचं. "पळसापाशी घाबरले तुमी. ब्रेकचा चट्टा पडला पाहा." चट्टा मला दिसायचा नाही, पण मी घाबरलेलो असायचो हे खरं. शेवटच्या आठवड्यात त्यानं दोन्ही टायरांवर नवीन नरम रबर चढवलं. नखानं दाबलं की खूण उठायची.

दादाजीला पैजेचं कळलं तेव्हा त्यानं तीन दिवस दौलतशी अबोला धरला. "मालकाले असं बोलते काय?" एवढंच म्हणाला. चौथ्या दिवशी मात्र दुकानात येऊन गाडीपाशी उकिडवा बसला.

"याच्यात भार कोनावर येते?" त्यानं विचारलं.

बाप बोलला या आनंदात दौलत भडाभडा बोलत सुटला. "इंजन वढते ते वढते बा, पन सारा भार टायरवर. वळन, ब्रेक, गड्डे, सारं त्यालेच खा लागते. बैलाचा खांदा तसा हा टायर."

दादाजीनं मान हलवली. आम्हाला वाटलं, चला, म्हाताऱ्याचा राग गेला.

पोळ्याच्या आदल्या दुपारी गाडी दौलतच्या घरी ठेवून मी माझ्या घरी गेलो. पोळ्याला सकाळी सातला परत आलो तर गाडीच्या हँडलला झेंडूची माळ, आणि दोन्ही टायर पिवळेजर्द, चकचकीत. हात लावला तर बोट सुळकन सरकलं. लोणी! दौलतच्या बायकोनं, पंचफुलानं, चार दिवस साय साठवून काढलेलं लोणी, त्यात हळद, आणि रात्रभर मुरलेलं. दौलत ट्रकवाल्याचं अडलेलं काम करून नुकताच घरी आला होता आणि दारातच थिजला होता.

दादाजी हसत पुढे आला. त्याला इतकं खूष मी कधी पाहिलं नव्हतं. "काल सांजच्याले खांदे शेकले याचे," तो म्हणाला. "चाळीस वर्स दुसऱ्याच्या जनावराले लावलं. घरचं जनावर पह्यल्यांदाच धावून राह्यलं. म्या म्हनलं, याले कोन आवतन देईन? आवतनबी देल्लं."

आता दौलत फुटणार, असं मला वाटलं. रबराला कोणी घामेजला हात लावला तरी अंगावर जाणारा माणूस तो. त्यानं बापाकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बेस केलं बा." मग मला घरामागे घेऊन गेला आणि म्हणाला, "गुरुजी, मेलो."

मग आमची एकच धांदल उडाली. राख लावली, रिठ्याचं पाणी केलं, तीन वेळा धुतलं. तरी बोट सरकतच होतं. लोणी वरच्या थरात मुरलं होतं. शेवटी दौलतनं कानस काढली आणि अख्खा टायर खरवडायला घेतला, आधी मागचा, मग पुढचा. काळा भुगा उडत होता. दादाजीनं तोंड पाडलं.

"काऊन खरडून राह्यला रे? लोनी निंगन ना."

"आंदर मुरलं बा. वरचं जास्तीचं काढून राह्यलो."

रबराच्या बाबतीत दौलत खोटं बोललेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. खरवडून झालं तेव्हा टायर खरबरीत, कोरा दिसत होता. दौलतनं डोळे मिटून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. "धरीन," तो म्हणाला. "पह्यल्यापेक्षा जास्त धरीन. पन गुरुजी, पाच फेऱ्याचं रबर होतं. आता साडेचारचं राह्यलं."

अर्धा फेरा कुठून आणायचा, ते त्यालाही माहीत नव्हतं.

दहा वाजता मैदानात सात गाड्या उभ्या राहिल्या. झिमझिम पाऊस होता आणि हवा गार. आणि गर्दीतून दादाजी आला, एका हातात वाफाळती बादली, दुसऱ्या हातात पोत्याचे तुकडे. आपलं लोणी खरवडलं गेलं ते त्याच्या जिवाला लागलं होतं. "लोनी नाई त नाई, शेकू त द्या," तो म्हणाला आणि खाली बसून पोतं कढत पाण्यात बुडवून, पिळून टायरांना गुंडाळायला लागला. सगळं मैदान हसलं. सुधाकरराव बुलेटवर बसून म्हणाले, "दादाजी, झूलबी आन घरून!" माझा चेहरा इतका लाल झाला असेल की चष्म्यावर वाफ आली.

दौलत हसला नाही. त्यानं पोतं किंचित उचलून रबरावर अंगठा दाबला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "गुरुजी," तो माझ्या कानाशी म्हणाला, "चिकटून राह्यलं हे." मग तोच बापाला म्हणाला, "शेक बा. शिट्टी होईस्तोवर शेक."

शिट्टी झाली, पोती निघाली, आणि आम्ही सुटलो. सुटलो म्हणजे बाकीचे सहा सुटले आणि मी निघालो. पण ओल्या डांबरावरच्या पहिल्याच वळणावर दोन गाड्या आडव्या झाल्या, तिसरी त्यांना चुकवताना चरात गेली. माझी राजदूत मात्र वळणातून अशी गेली जणू तिला रस्त्याला शिवलं होतं. मी सवयीनं हातही दाखवला. चरातल्या माणसानं मला शिवी दिली.

दुसऱ्या फेऱ्याअखेर मी तिसरा होतो, तिसऱ्याअखेर दुसरा. पुढे फक्त सुधाकरराव. सरळ रस्त्यावर बुलेट मला मागे टाकायची, पण चाळीस पौंडांची हवा भरलेले ते कडक टायर मुरमावर चेंडूसारखे उडायचे आणि प्रत्येक वळणावर सुधाकररावांना गाडी जवळजवळ थांबवावी लागायची. तिथं मी त्यांना गाठायचो. मैदानातून जाताना दौलत रस्त्याच्या कडेला ओणवा होऊन माझा मागचा टायर पाहायचा आणि किती रबर राहिलं ते बोटांनी दाखवायचा. पहिल्या फेऱ्याला चार बोटं होती, मग तीन, मग दोन. चौथ्या फेऱ्याला त्यानं एक बोट दाखवलं आणि तेही अर्धं मुडपलं.

म्हणजे रबराखालचे दोरे दिसायला लागले होते.

त्या शेवटच्या फेऱ्यात मला काय वाटलं ते खरं सांगतो. भीती वाटली, पण पडायची नाही. त्या निंबाखाली खताची पोती रचलेली मला दिसायला लागली, आणि दौलत घमेलं डोक्यावर घेऊन जाताना दिसला. मी वेग वाढवला असता तर रबर सुटलं असतं, कमी केला असता तर सुधाकरराव निघून गेले असते. मग सुचलं. रस्त्याच्या कडेला पावसानं ओलं झालेलं गवत होतं. मुरूम कानशीसारखा टायर खात होता, गवत खात नव्हतं. सरळ रस्ताभर मी कडेची बाजू धरून गाडी गवतावरून चालवली आणि वळणापुरतंच रस्त्यावर आलो. अर्धा फेरा तिथून मिळाला.

पळसापाशी सुधाकरराव माझ्यापुढे जेमतेम दोन गाड्यांच्या अंतरावर होते. मागे मी दिसल्यावर त्यांनी या खेपेला ब्रेक मारला नाही. बुलेट पळसाला वळसा घालण्याऐवजी पाळीवरून सरळ खाली उतरली आणि सुधाकररावांसकट बेशरमीच्या झुडपात शिरली. मी थांबलो. हो, थांबलो! तिथून आवाज आला, "जिता हाव! जा, मास्तर, जा!" आणि मी गेलो.

मैदान दिसायला लागलं तेव्हा मागून फटाक फटाक आवाज येऊ लागला. रबराची पट्टी सुटून मडगार्डवर आपटत होती. मागे बुलेटचाही आवाज जवळ येत होता, सुधाकरराव काही झुडपात बसून राहणारे नव्हते. शेवटच्या दोनशे हातांत ते माझ्या बरोबरीला आले. केसांत बेशरमीची पानं, मिशीला चिखल. माझं पुढचं चाक हातभर आधी रेघेवरून गेलं. दहा पावलं पुढे गेलो असेन, तर मागचा टायर फाटकन फुटला आणि मी चिखलात बसलो.

दौलत धावत आला. मला वाटलं मला उठवायला. तो टायरपाशी गेला आणि त्या धांदोट्याला दोन्ही हातांनी कुरवाळत म्हणाला, "रेघ ओलांडली आन् मेला. म्हनलं होतं ना म्या!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला भागीरथेनं उठवलं.

तो फुटका टायर दौलतनं निंबाला टांगला. दुकान राहिलं. पण पैजेच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल कोणी बोलेना. सुधाकरराव हवा भरायला येत, आता चोवीस पौंड भरून घेत, हवापाण्याचं बोलत आणि जात. दौलतनं एकदाही आठवण दिली नाही. दादाजी मात्र वर्षभर मला म्हणायचा, "गुरुजी, तुमी त्याले समजावा. मालक मानसाले असं करा लावू नये. मले लाज वाटते." मी समजावायला गेलो की दौलत हवेची टाकी सुरू करायचा.

पुढच्या वर्षी खांदशेकणीची संध्याकाळ आली. मी मुद्दाम दुकानात जाऊन बसलो. दादाजी आत तसबिरीखाली पाठ फिरवून बसला होता. दिवस कलला, घरोघरी बैलांची गडबड सुरू झाली. दौलत एकच ट्यूब तिसऱ्यांदा घासत होता.

तेवढ्यात सुधाकरराव आले. चालत. मागे जयवंताबाई, त्यांच्या पत्नी, डोक्यावर पदर आणि हातात लोण्याची वाटी. सुधाकररावांच्या हातात कढत पाण्याचं वाफाळतं भगोनं होतं आणि चटके बसत असल्यानं ते तोंड वाकडं करत होते. हायवेवरचा एक ट्रकवाला पंक्चर काढायला थांबला होता, तोही उतरून पाहायला लागला.

दादाजी उठून पळायलाच निघाला. "नाई मालक, नाई. पोराचं काय मनावर घेता?"

"बसा, दादाजी," सुधाकरराव म्हणाले.

'तू बस' नाही. मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं, पण त्या एका 'बसा'नं दादाजीचे गुडघे जसे वाकले तसे मी कधी पाहिले नाहीत. तो त्या ट्रकच्या जुन्या टायरवर बसला. सदरा काढला. त्याच्या उजव्या खांद्यावर पोती वाहून वाहून एक गाठ आली होती, लिंबाएवढी. आम्हाला कोणालाच ती माहीत नव्हती. दौलतलाही नाही.

सुधाकररावांनी फडकं पिळून खांद्यावर ठेवलं आणि चोळायला लागले. त्यांना मुळीच येत नव्हतं. येणार कसं, त्यांच्या घरी हे काम कायम दादाजीनंच केलेलं. थोडा वेळ दादाजीनं सोसलं, मग राहवेना.

"असं नाई मालक. वरतून खाली. उलटं चोळलं का बैल बिचकते."

"असं?"

"हां, असं. आंगठा नोका दाबू. तळहातानं."

सुधाकररावांनी तळहातानं चोळलं. दोन्ही खांद्यांना लोणी-हळद लावली. मग ते थांबले. यानंतर काय म्हणायचं असतं ते तिथल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. पैजेत तेवढं काही ठरलेलं नव्हतं. सुधाकररावांनी जयवंताबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मग ते दादाजीच्या कानाशी वाकले.

"आज आवतन घ्या, दादाजी. उद्या जेवाले या."

चाळीस वर्षं दादाजीनं हे म्हटलं होतं. त्याला कोणी म्हटलं नव्हतं. आणि बैल उत्तर देत नसल्यामुळे, यावर काय म्हणायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं दौलतकडे पाहिलं. दौलत आमच्याकडे पाठ करून कानस शोधत होता. ती त्याच्या हातातच होती.

"येतो," दादाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून गेला आणि ओसरीवरच्या पंगतीत बसला, सुधाकररावांच्या शेजारी. मीही पंगतीत होतो. जयवंताबाईंनी वाढलं. त्यानं चार पोळ्या खाल्ल्या आणि उठताना सवयीनं पोळी हातात घेऊन गोठ्याकडे वळला, तेव्हा सुधाकररावांनीच त्याला हाताला धरून परत बसवलं. परतताना दौलत निंबाखाली उभा होता.

"कसं होतं बा?"

"पुरन बेस होतं," दादाजी म्हणाला. "पन शेकाले त्याईले आजून येत नाई. शिकवा लागन."

सुधाकरराव पुढच्या वर्षी आले. त्याच्या पुढच्याही वर्षी आले. दादाजी होता तोवर, सात वर्षं, दर खांदशेकणीला भगोनं घेऊन आले. पैज एकाच वर्षाची होती.